साथीच्या काळातील दिवाळी-भेट : दातृत्वाला शिस्तीची जोड

आश्विन महिना सरत आला की नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात भाताची खाचरे पिवळी पडू लागतात आणि डोंगरउतारावर नागली, वरई कापणीला येते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी तालुक्यांतील आदिवासी पाड्यांवर वाघबारशीपासून सणाला आरंभ होतो. याच सुमारास नाशिक शहरातील घरोघरी फराळाच्या कढया चढतात, आणि त्यातील काही वाटा या पाड्यांसाठी बाजूला काढला जातो. मित्रमंडळे, महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेची पथके, गिर्यारोहक व व्यावसायिक संघटना फराळ, कपडे, ब्लँकेटे, वह्या आणि उटणे-साबण घेऊन पाड्यांवर जातात. शहर आणि पाडा यांच्यातील अंतर दिवसभरापुरते का होईना, कमी करणारा हा उपक्रम आहे.

या भेटीची एक ठरलेली रीत आहे. गाड्या गावात शिरतात. शाळेच्या पटांगणात मुले रांगेने बसतात. स्वागत होते, दोन शब्द बोलले जातात, पाहुणे आपल्या हाताने मुलांच्या हाती पुडे देतात, छायाचित्रे निघतात आणि अखेरीस सर्वजण एका पंगतीला बसतात. एरवी या रीतीत आक्षेपार्ह असे काही नाही. परंतु २०२० च्या दिवाळीत याच रीतीने एक अवघड प्रश्न उभा केला. कोविडची साथ ओसरली असली तरी तो प्रश्न कायमचा मिटलेला नाही. पुढील कोणत्याही साथीत तो पुन्हा समोर येणार असल्याने त्याचे उत्तर आधीच ठरवून ठेवणे हिताचे आहे.

२०२० ची दिवाळी

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महासाथ असल्याचे घोषित केले. त्याच आठवड्यात राज्य शासनाने साथरोग अधिनियम, १८९७ खाली विनियम लागू केले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी अमलात आली. मार्चअखेरीस निफाड तालुक्यात नाशिक जिल्ह्यातील पहिला रुग्ण आढळला आणि एप्रिलमध्ये मालेगाव शहरात साथीने तीव्र रूप धारण केले. १५ सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आरोग्य पथके घरोघरी पोहोचली. १४ नोव्हेंबर रोजी लक्ष्मीपूजन आले तेव्हा शासनाने सण साधेपणाने साजरा करण्याचे आणि गर्दीचे कार्यक्रम टाळण्याचे आवाहन केले होते. प्रार्थनास्थळेदेखील १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडली.

अशा स्थितीत दोन मते पुढे आली. यंदा पाड्यावर जाणे म्हणजे रोग सोबत नेणे, म्हणून भेट थांबवावी, असे काहींचे म्हणणे होते. उलट, टाळेबंदीत मजुरी बुडालेली, शहरातून माणसे रिकाम्या हाताने परतलेली, तेव्हा यंदाच भेटीची खरी गरज आहे, असे इतरांना वाटत होते. दोन्ही मतांत तथ्य होते. पाड्यावर आजी-आजोबांपासून तान्ह्या मुलापर्यंत सारे कुटुंब एका छताखाली राहते. प्राणवायूची सोय असलेले रुग्णालय बहुधा तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी असते. तेथे एक रुग्ण झाला तर त्याचे मोल शहरातील एका रुग्णापेक्षा कितीतरी अधिक द्यावे लागते. दुसऱ्या बाजूस, ज्या घरात त्या वर्षी तेल-गुळाची वानवा होती, त्या घरातील मुलाला सणाचा दिवस कोरडा जाणे हीदेखील लहान हानी नव्हे.

या पेचातून सुटण्याचा मार्ग म्हणजे भेट आणि भेटीचा समारंभ या दोन गोष्टी वेगळ्या करणे. संकट समारंभात असते. समारंभ वगळला तर भेट वगळण्याचे कारण उरत नाही.

धोका वस्तूत की गर्दीत?

साथीच्या आरंभी वस्तूंविषयी मोठी धास्ती होती. मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हा विषाणू प्लॅस्टिकवर ७२ तासांपर्यंत व पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत टिकू शकतो, असे दिसून आले. त्यामुळे भाजीपाला धुणे, पार्सले तीन दिवस वेगळी ठेवणे अशा प्रथा पडल्या. पुढे अनुभव वाढला तसे स्पष्ट झाले की, हा रोग मुख्यतः श्वासावाटे पसरतो. बोलताना, खोकताना, गाताना बाहेर पडणारे सूक्ष्म थेंब बंद जागेतील हवेत तरंगत राहतात आणि दुसऱ्याच्या श्वासात जातात. वस्तूला स्पर्श होऊन संसर्ग होण्याची शक्यता त्या मानाने अत्यल्प ठरली.

दुसरी बाब याहूनही महत्त्वाची आहे. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत २ ते १४ दिवस जाऊ शकतात आणि लक्षणे दिसण्यापूर्वीच्या एक-दोन दिवसांतही रोगी इतरांना संसर्ग देऊ शकतो. काहींना तर लक्षणे दिसतच नाहीत. त्यामुळे कपाळावर तापमापक धरून ‘ताप नाही’ असा निर्वाळा देणे पुरेसे नव्हते. सदिच्छेने आलेला, ठणठणीत दिसणारा स्वयंसेवकच नकळत रोगवाहक असू शकत होता. म्हणून फराळाच्या पुड्यावर औषध फवारण्यापेक्षा पटांगणातील गर्दी टाळणे शतपट उपयुक्त होते. खाद्यपदार्थांवर जंतुनाशक फवारणे तर अपायकारकच होय. माणसांच्या अंगावर अशी फवारणी करू नये, अशी सूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच दिली होती.

सण आणि साथ यांची गाठ पडण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीचा सर्वांत घातक काळ मुंबई इलाख्यात सप्टेंबर ते नोव्हेंबर असा, म्हणजे नेमका दसरा-दिवाळीचा होता. त्या वेळी रोगाचा विषाणू ठाऊक नव्हता आणि उपायही हाती नव्हते. आज ज्ञान उपलब्ध आहे. ते व्यवहारात उतरविण्याचेच काय ते काम शिल्लक राहते.

शासकीय वाटपाचा धडा

गर्दी न करता हजारो घरांपर्यंत वस्तू कशा पोहोचवाव्यात याचा पाठ साथीच्या काळात गावोगावच्या यंत्रणेनेच घालून दिला. शाळा बंद असताना शालेय पोषण आहाराचा तांदूळ व कडधान्य कोरड्या स्वरूपात पालकांकडे सुपूर्द करण्यात आले. अंगणवाडी सेविकांनी बालकांचा व गरोदर मातांचा आहार घरपोच दिला. एप्रिल २०२० पासून रास्त भाव दुकानांतून माणशी ५ किलो धान्य मोफत देण्यात आले. तेथे अंतराच्या खुणा आखून रांगा लावण्यात आल्या. शिवभोजन केंद्रांनी ताटाऐवजी जेवणाची पुडकी देण्यास सुरुवात केली.

या सर्व कामांत सूत्र एकच होते. यादी आधी, वस्तू नंतर. एका वेळी थोडी माणसे, आणि वाटप करणारा हात शक्यतो गावातलाच. दिवाळी-भेटीला हेच सूत्र जसेच्या तसे लागू पडते.

पूर्वतयारी गावाकडून

साथीच्या काळात कोणत्याही मंडळाने पाडा परस्पर निवडू नये. प्रथम ग्रामपंचायतीशी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याशी संपर्क साधावा. पाड्यावर रुग्ण आहेत काय, परिसर प्रतिबंधित आहे काय, बाहेरच्यांना येऊ देण्यास गावाची संमती आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज दिवस ठरवू नये. गावाने ‘नको’ म्हटले तर तो निर्णय सन्मानाने मानावा.

घरांची यादी आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका व शिक्षक यांच्याकडून घ्यावी. कोणत्या घरात किती माणसे, किती मुले, कोणत्या वयाची, हे त्यांना नेमके ठाऊक असते. यादीमुळे वस्तू कमी-जास्त होत नाहीत आणि ‘पुरेल की नाही’ या शंकेने होणारी झुंबड आपोआप टळते. साथीच्या काळात अशी झुंबड हाच सर्वांत मोठा धोका असतो.

दिवस निवडताना या भागातील मजुरीचे वेळापत्रक ध्यानात घ्यावे. पेठ-सुरगाण्याकडील अनेक कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी व निफाड तालुक्यांत जातात. वसुबारसेपूर्वी आठ-दहा दिवस भेट पोहोचली तर ती घरातील सर्वांच्या वाट्याला येते. शिवाय ऐन सणाच्या गर्दीत प्रवास करण्याचे टळते.

फराळ, शिधा आणि कपडे

शंभर घरांतून थोडाथोडा फराळ गोळा करणे ही प्रथा मायेची असली तरी साथीच्या काळात ती गैरसोयीची ठरते. शंभर घरी जाणे-येणे होते आणि कोणता पदार्थ कधी केला याचा हिशोब राहत नाही. त्याऐवजी तीन मार्ग सुचविता येतात.

पहिला मार्ग कोरड्या शिध्याचा. रवा, बेसन, गूळ वा साखर, तेल व पोहे दिल्यास प्रत्येक घर आपल्या चवीचा फराळ आपल्या चुलीवर करू शकते. २०२२ च्या दिवाळीत राज्य शासनाने ‘आनंदाचा शिधा’ या नावाने रवा, चणाडाळ व साखर प्रत्येकी १ किलो आणि १ लीटर पामतेल असा संच १०० रुपयांत शिधापत्रिकाधारकांना दिला. त्यामागील कल्पना हीच होती. फराळ करण्याचा आनंदही घेणाऱ्याच्याच घरी राहतो, हा या मार्गाचा विशेष लाभ.

दुसरा मार्ग तालुक्यातील महिला बचत गटाकडून फराळ करवून घेण्याचा. एका ठिकाणी, मोजक्या हातांनी व देखरेखीखाली पदार्थ तयार होतात आणि देणगीतील पैसा त्याच तालुक्यात राहतो. तिसरा मार्ग शहरातच फराळ करण्याचा. तो पत्करल्यास चिवडा, शेव, शंकरपाळी, बेसनाचे लाडू असे टिकाऊ पदार्थच घ्यावेत. खवा किंवा ओले खोबरे घातलेले जिन्नस टाळावेत आणि प्रत्येक पुड्यावर पदार्थाचे नाव व तयार केल्याची तारीख लिहावी.

कपडे जुने असल्यास साबणाने धुऊन, कडक उन्हात वाळवून, घड्या घालून द्यावेत. साबणामुळे विषाणूवरील स्निग्ध आवरण विरघळते आणि तो निष्प्रभ होतो. फाटके, डागाळलेले कपडे मुळातच बाजूला काढावेत. पुड्यांसाठी कापडी पिशव्या वापराव्यात. प्लॅस्टिकच्या हातपिशव्यांना राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि कापडी पिशवी ही स्वतःच एक उपयुक्त वस्तू आहे.

बांधणीचे काम बंद सभागृहात करू नये. ओसरी, मांडव किंवा चारी बाजूंनी मोकळी शेड योग्य होय. पाच-सहा जणांचे गट करावेत आणि एका गटातील माणसे रोज तीच ठेवावीत. मुखपट्टी बहुधा काम करताना उतरत नाही, ती उतरते चहाच्या वेळी. म्हणून चहापान एकत्र न घेता आळीपाळीने व उघड्यावर घ्यावे. साठीच्या पुढील व्यक्ती, गरोदर स्त्रिया आणि मधुमेहासारखे विकार असलेल्यांकडे दूरध्वनी, हिशोब व याद्या ही कामे द्यावीत. ज्याला ताप, खोकला किंवा घसादुखी आहे, अथवा ज्याच्या घरी रुग्ण आहे, त्याने कामावर येऊ नये. त्यासाठी बदली स्वयंसेवकांची यादी आधीच तयार असावी. तसे नसेल तर ‘मी नाही गेलो तर काम अडेल’ या भावनेने आजारी माणूसही गाडीत बसतो.

पाड्यावरील वाटप

प्रवासाकडे सहसा लक्ष जात नाही, परंतु धोका तेथेच अधिक असतो. सावळ घाटातून पेठकडे जाणाऱ्या बंद जीपमध्ये दहा माणसे दाटीवाटीने बसली, काचा चढविल्या आणि गाण्यांच्या भेंड्या सुरू झाल्या, तर मग पाड्यावर पोहोचल्यानंतर पाळलेल्या अंतराला काही अर्थ राहत नाही. मालासाठी टेम्पो, सोबत चालक व एक-दोन स्वयंसेवक, खिडक्या उघड्या आणि मुखपट्ट्या लावलेल्या, एवढे मनुष्यबळ पुरेसे असते.

उदाहरणादाखल साठ घरांचा एक पाडा घेतला, तर पिशव्याही साठच असाव्यात आणि प्रत्येकीवर यादीतील घराचा क्रमांक असावा. टेम्पो वेशीवर किंवा शाळेच्या आवारात थांबावा. पिशव्या ओट्यावर क्रमाने मांडून बाहेरच्या माणसांनी मागे सरावे. त्यानंतर पाड्यावरील चार-पाच तरुणांनी, आशा स्वयंसेविका वा शिक्षकांच्या देखरेखीखाली, त्या घरोघर पोहोचवाव्यात. घरपोच देणे शक्य नसेल तर दहा-दहा घरांना वेगवेगळी वेळ द्यावी आणि प्रत्येक घरातून एकाच प्रौढ व्यक्तीने यावे. मुलांना रांगेत उभे करू नये. स्वागत, भाषणे, हारतुरे व सहभोजन पूर्णपणे वगळावे. हात धुण्यासाठी साबण व पाण्याची सोय वाटपाच्या जागी असावी.

काम संपल्यावर एक नोंद अवश्य ठेवावी. कोणता पाडा, कोणता दिवस, कोण स्वयंसेवक गेले आणि त्यांचे संपर्क क्रमांक, एवढी माहिती पुरे. पुढील १४ दिवसांत यांपैकी कोणी आजारी पडल्यास त्याने ती गोष्ट न लपविता त्या भागातील वैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावी. संकोचाने लपविलेला एक ताप सर्व खबरदारी निष्फळ करू शकतो. वेळेवर कळविल्यास आशा स्वयंसेविकेला पाड्यावर लक्ष ठेवता येते आणि रोग पसरण्यापूर्वी आवर घालता येतो.

मुलांचा मान

साथीने काही घरांतील कर्ती माणसे हिरावून नेली. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर आई-वडील दोघेही गमावलेल्या बालकांच्या नावे राज्य शासनाने ५ लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णय घेतला. एकल झालेल्या महिलांना व त्यांच्या मुलांना विविध योजनांचा लाभ मिळवून देण्यासाठी ‘मिशन वात्सल्य’ हाती घेण्यात आले. साहजिकच त्या वर्षीच्या दिवाळीत अनेक दात्यांचे लक्ष अशा मुलांकडे वळले.

येथे विशेष विवेकाची गरज असते. ‘कोविडमध्ये पोरकी झालेली मुले’ अशी वेगळी रांग लावणे, त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध करणे, त्यांच्याकडून हकिकत वदवून घेणे हे त्या मुलांच्या जखमेवरची खपली काढण्यासारखे आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रकट करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये मनाईदेखील आहे. अशा घरी जाणारी पिशवी इतर पिशव्यांसारखीच दिसावी, त्यात काय अधिक आहे ते आत असावे. भेटीबरोबर योजनेच्या अर्जाची माहिती पोहोचली तर तिचा उपयोग सणानंतरही वर्षानुवर्षे होतो. हे काम ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक उत्तम रीतीने करू शकतात.

प्रत्येक साथीचा मार्ग वेगळा

वर सांगितलेले नियम श्वासावाटे पसरणाऱ्या रोगासाठी आहेत. सर्व साथी सारख्या नसतात. कॉलरा, कावीळ यांसारखे रोग दूषित पाणी व अन्नावाटे पसरतात. त्या वेळी स्वयंपाक करणाऱ्यांचे हात, पाणी व भांडी यांची स्वच्छता हाच मुख्य मुद्दा ठरतो आणि तयार पदार्थांपेक्षा कोरडा शिधा अधिक सुरक्षित असतो. गोवर हवेतून पसरतो आणि लहान मुलांनाच अधिक ग्रासतो. रुग्ण निघून गेल्यावरही त्याचा विषाणू बंद खोलीतील हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईप्रमाणेच मालेगावातही गोवराचा उद्रेक झाला होता. अशा वेळी मुलांना एकत्र बसवून खाऊ वाटणे टाळावे आणि लसीकरण राहून गेलेल्या मुलांची माहिती आरोग्य सेविकेला द्यावी. तात्पर्य, कोणतीही योजना आखण्यापूर्वी ‘हा रोग कोणत्या वाटेने जातो?’ हा पहिला प्रश्न वैद्यकीय अधिकाऱ्यास विचारावा आणि उत्तरानुसार नियम ठरवावेत.

देण्याची खरी कसोटी

या पद्धतीत दात्याला एका सुखावर पाणी सोडावे लागते, हे मान्य केले पाहिजे. नवा सदरा हाती पडताच मुलाच्या चेहऱ्यावर उमटणारा आनंद पाहण्यासाठीच अनेकजण घाट ओलांडून जातात. साथीच्या वर्षी त्यांना वेशीवरूनच परतावे लागते. परंतु दान हे घेणाऱ्यासाठी असते, देणाऱ्याच्या समाधानासाठी नव्हे, याची परीक्षा अशाच वर्षी होते.

ज्यांची धर्मशाळा नाशिकमध्ये गोदाकाठी उभी आहे, त्या संत गाडगे महाराजांनी भुकेल्याला अन्न आणि गावाला स्वच्छता या दोन गोष्टी कधी वेगळ्या मानल्या नाहीत. त्यांच्या एका हाती खराटा होता म्हणून दुसऱ्या हातचे दान उणे झाले नाही. उलट, ते अधिक मोलाचे ठरले. दिवाळी-भेटीच्या उपक्रमांनाही करुणेबरोबर हीच शिस्त लाभली, तर कितीही कठीण वर्षी पाड्यावरची पणती विझणार नाही आणि तिच्या उजेडात घरातील सर्व माणसे सुखरूप असतील. त्यासाठी प्रत्येक ग्रामपंचायतीने घरांची अद्ययावत यादी, वाटपाची जागा व जबाबदार व्यक्तींची नावे साथ नसतानाच निश्चित करून ठेवावीत. साथ सवड देत नाही. तयारीला सवड मिळते ती साथीपूर्वीच.